थुंकी नको, बेडका हवा: स्लाइड आणि कल्चर जुळत नाही तेव्हा

पत्राचा गोषवारा: तालुक्याच्या गावातल्या २५ खाटांच्या खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या एका लॅब टेक्निशियन ताईंचं हे पत्र आहे. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा होऊन त्यांना सहा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी रुग्णालयात नवे एमडी फिजिशियन आले आणि न्यूमोनियाच्या प्रत्येक पेशंटच्या थुंकीचा ग्राम स्टेन (स्लाइडवर जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहण्याची तपासणी; जांभळे ते ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्राम निगेटिव्ह) तासाभरात मागू लागले. पेशंट बहुतेक वेळा रात्री दाखल होतो, सलाइनमधून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू होतं. सकाळी आठच्या सुमारास नमुना लॅबमध्ये येतो. ताई स्लाइड करून रिपोर्ट देतात आणि उरलेला नमुना संध्याकाळी पाचच्या गाडीने जिल्ह्याच्या लॅबकडे कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहायला, जातो. तीन दिवसांनी येणारा कल्चर रिपोर्ट स्लाइडशी जुळत नाही. ताईंनी ‘ग्राम पॉझिटिव्ह डिप्लोकोकाय’ (जांभळे, जोडीने बसलेले गोल जंतू) लिहिलं की तिकडून ‘नॉर्मल ओरल फ्लोरा’ (तोंडातले नेहमीचे जंतू) येतं. ताईंना काही विशेष दिसलं नाही, तर तिकडे क्लेबसिएला हा न्यूमोनियाचा वेगळाच जंतू उगवतो. डॉक्टर चिडले आहेत. व्यवस्थापनाचं म्हणणं, ग्राम स्टेन बंद करा आणि नमुने शहरात पीसीआर पॅनेलला (जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला) पाठवा. ताईंना आपल्या नजरेवरचा भरवसा उरलेला नाही. त्या विचारतात: “मी हे थांबवावं का?”

ताई, तुमच्या पत्रात स्वतःच्या नजरेबद्दल एक अख्खं पान आहे आणि नमुन्याच्या वेळांबद्दल फक्त दोन ओळी. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन ओळींत आहे.

त्या वेळा एकापुढे एक मांडून पाहा. रात्री दहाला अँटिबायोटिकचा पहिला डोस. सकाळी आठला नमुना, म्हणजे मधे दहा तास. मग पाचच्या गाडीपर्यंत आणखी नऊ तास नमुना टेबलावर. जिल्ह्याच्या लॅबमध्ये तो प्लेटवर लागणार बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. न्यूमोकोकस, म्हणजे स्लाइडवर जोडीने दिसणारा न्यूमोनियाचा जंतू, नाजूक आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढे तो काही तासांत मरतो, आणि औषध नसलं तरी नुसत्या डबीत पडून राहिल्यावर त्याच्याच एन्झाइमने त्याची भिंत विरघळते. तोंडातले बाकीचे जंतू आणि क्लेबसिएलासारखे दणकट बॅसिलाय (काडीसारखे जंतू) मात्र खोलीच्या तापमानात वाढत राहतात. थुंकीचा नमुना दोन तासांच्या आत प्लेटवर लागला पाहिजे, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात ती याच कारणाने. तुम्ही सकाळी आठला स्लाइडवर जे पाहिलं ते त्या वेळी तिथे होतं, मेलेलं का असेना. कल्चरने दाखवलं ते चोवीस तास टिकून राहिलेलं. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

तुम्ही आणि डॉक्टर दोघांनीही एक गोष्ट न बोलता धरून ठेवली आहे: कल्चर म्हणजे सत्य आणि स्लाइड म्हणजे अंदाज. थुंकीच्या बाबतीत हे खरं नाही. रक्त किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी मुळात निर्जंतुक असतं, म्हणून तिथे उगवलेल्या जंतूला वजन असतं. थुंकी तोंडातून येते आणि तोंडात कोट्यवधी जंतू कायमचे राहतात. उगवलेला जंतू फुप्फुसातला की गालफडातला हे कल्चरची प्लेट सांगू शकत नाही. ते स्लाइड सांगते, कारण जंतूच्या शेजारी कोणत्या पेशी बसल्या आहेत हे फक्त तिच्यावर दिसतं.

आणि इथे मला तुमच्या पत्रात एक पोकळी दिसते. रिपोर्टचे सात नमुने तुम्ही लिहून पाठवलेत. एकातही पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) किंवा एपिथेलियल सेल्स (तोंडाच्या अस्तरातल्या पेशी) यांचा आकडा नाही. ‘काही विशेष दिसलं नाही, पण क्लेबसिएला उगवला’ अशा केसेस नेमक्या काय होत्या, हे त्या आकड्यांशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. दाट शक्यता अशी की ती नुसती लाळ होती.

लाळ का येते, त्याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. आपण पेशंटला म्हणतो, “थुंकी द्या.” सरकारी फलकांवरही ‘थुंकी तपासणी’ असंच लिहिलेलं असतं. माणूस प्रामाणिकपणे थुंकतो आणि डबी देतो. त्याला ‘बेडका’ म्हणा, ‘छातीतून खाकरून काढलेला कफ’ म्हणा. डबी नर्सकडून पाठवू नका, शक्य तेव्हा स्वतः हातात द्या. कवळी असेल तर काढायला सांगा. साध्या पाण्याने दोनदा चूळ भरायला लावा. पेस्ट किंवा माउथवॉश नको, त्यात जंतू मारणारी द्रव्यं असतात. पेशंटला ताठ बसवा, तीन खोल श्वास घ्यायला सांगा आणि तिसऱ्यानंतर पोटापासून जोरात खोकायला. २ ते ५ मिली पुरतं. डबी उजेडात तिरकी करा: पिवळट-हिरवट किंवा गंजासारखा तांबूस, चिकट, घट्ट असेल तर घ्या. पाण्यासारखं, फेसाळ आणि पारदर्शक असेल तर तिथल्या तिथे दुसरी डबी द्या. बेडका सुटतच नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ३ टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन करता येतं. दमेकऱ्याला आधी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध लागतं. हे सगळं हवेशीर जागी, आणि तुम्ही एन-९५ मास्क लावून. आपल्याकडचा प्रत्येक खोकणारा पेशंट, तपासणी होईपर्यंत, टीबीचा असू शकतो.

वेळेचं गणित डॉक्टरांशीच बसून सोडवावं लागेल. पहिल्या डोसच्या आधी नमुना मिळाला तर सर्वात चांगलं. पण पेशंटची अवस्था गंभीर असेल तर बेडक्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही, हे दोघांनीही पक्कं धरा. रात्रपाळीच्या नर्सला डबी आणि वर सांगितलेली चार वाक्यं शिकवून ठेवली, तर दाखल होतानाच नमुना निघू शकतो. स्लाइड करून वाळवून, फिक्स करून (काचेला पक्की चिकटवून) ठेवायला नर्सला पाच मिनिटं लागतात, आणि ती स्लाइड सकाळपर्यंत काही बिघडत नाही. माझ्या मते तुमच्या रुग्णालयात सर्वात मोठा फरक या एका बदलाने पडेल.

आता टेबलावर. डबीतला सर्वात घट्ट, पिवळा कण निवडा; वरवर तरंगणारा फेस नको. निर्जंतुक काडीने तो स्लाइडवर पातळ पसरवा. हा थर (स्मिअर) वाळल्यावर त्याखाली वर्तमानपत्र धरा: अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर तो जाड आहे, आणि जाड स्मिअरमध्ये रंग उतरवणं कधीच सारखं होत नाही. ग्राम स्टेनमधल्या बहुतेक भानगडी इथेच सुरू होतात, त्यांचा डोळ्यांशी संबंध नसतो. फिक्सिंगसाठी मिथेनॉल दोन मिनिटं हा ज्योतीपेक्षा चांगला मार्ग, कारण पस सेल्स फुटत नाहीत. ज्योतच वापरत असाल तर दोन-तीनदा झरकन फिरवा. स्लाइडची पाठ हाताच्या मागच्या बाजूला कोमट लागावी, चटका बसू नये.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, ग्राम्स आयोडीन १ मिनिट, पाणी. त्यानंतर रंग उतरवणं, आणि सगळं तिथे ठरतं. ९५ टक्के अल्कोहोल असेल तर स्लाइड तिरकी धरून थेंब सोडत राहा, खाली जाणारा थेंब बिनरंगी झाला की थांबा. पातळ स्मिअरला १० ते २० सेकंद. अ‍ॅसिटोन-अल्कोहोल मिश्रण असेल तर फार तर ३ ते ५ सेकंद, आणि लगेच पाणी. तुमच्या बाटलीत नक्की काय आहे ते आज वाचून घ्या. अल्कोहोलची सवय असलेल्या हाताने अ‍ॅसिटोन वापरलं की न्यूमोकोकस गुलाबी दिसतो आणि तो मोरॅक्सेला हा ग्राम निगेटिव्ह जंतू म्हणून रिपोर्टात जातो. शेवटी सॅफ्रानिन १ मिनिट. थुंकीसाठी सॅफ्रानिनऐवजी पातळ कार्बोल फुक्सिन घेतलं तर हिमोफिलस हा न्यूमोनियाचा आणखी एक जंतू जास्त ठळक दिसतो. तो बारीक, फिकट कोकोबॅसिलस (गोल आणि काडी यांच्या मधल्या आकाराचा) आहे आणि सॅफ्रानिनच्या गुलाबी पार्श्वभूमीत सहज हरवतो.

स्टेन बरोबर झाला का, हे तुमच्या स्लाइडवरच लिहिलेलं असतं. पस सेल्सचे केंद्रक बघा. ते गुलाबी-लाल असले पाहिजेत. जांभळे असतील तर रंग पुरता उतरलेला नाही, आणि त्या भागातला कोणताही ‘ग्राम पॉझिटिव्ह’ मानायचा नाही. उलट बाजू तपासायला स्वतःच्या गालाच्या आतून हलकं खरवडून एक स्लाइड करा: एपिथेलियल पेशी गुलाबी आणि त्यांच्यावर चिकटलेले स्ट्रेप्टोकोकाय जांभळे दिसले पाहिजेत. दह्याचा स्मिअरही चालतो, त्यातले लॅक्टोबॅसिलाय ग्राम पॉझिटिव्ह असतात. स्टॅफ ऑरियस आणि ई. कोलायचे प्रमाणित कंट्रोल मिळत असतील तर उत्तमच. पण ते नाहीत म्हणून कंट्रोलच नाही, असं होऊ देऊ नका. आयोडीनची बाटली तपकिरी हवी. द्रावण चहासारखं फिकट झालं की फेका. क्रिस्टल व्हायोलेट जुनं झालं की त्यात कण धरतात आणि ते थेट कोकायसारखे (गोल जंतूंसारखे) दिसतात. लहान-मोठे, कडा धारदार, पेशींपेक्षा वेगळ्या पातळीवर फोकस होणारे आणि रिकाम्या जागेतही पसरलेले असतील तर ते कण आहेत. दर आठवड्याला फिल्टर पेपरमधून गाळून घ्या.

मग मायक्रोस्कोप. थेट ऑइलवर (तेल लावून वापरायच्या १०० च्या भिंगावर) जाऊ नका. आधी १० च्या ऑब्जेक्टिव्हवर वीसेक फील्ड फिरा आणि दोनच गोष्टी मोजा. दर फील्डला २५ पेक्षा जास्त पस सेल्स आणि १० पेक्षा कमी स्क्वेमस एपिथेलियल सेल्स असतील तर नमुना छातीतला आहे. एपिथेलियल १० च्या वर गेले तर त्यात तोंडाची भेसळ आहे. अशा नमुन्यावर ऑइलला काहीही दिसलं तरी जंतूचं नाव लिहू नका. ‘लाळमिश्रित नमुना, पुन्हा पाठवा’ एवढंच लिहा. तो नमुना कल्चरलाही पाठवू नका. तुमचे निम्मे वाद इथेच मिटतील. याला अपवाद आहेत: केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या पेशंटच्या बेडक्यात पस सेल्स नसणारच, आणि टीबीच्या तपासणीला हा नियम लावायचा नाही.

नमुना चांगला निघाला की ऑइलवर पस सेल्सच्या गर्दीत जा आणि एकाच जातीचं वर्चस्व आहे का ते पाहा. टोकाला निमुळते, जोडीने बसलेले, भोवती पारदर्शक कडं असलेले जांभळे कोकाय म्हणजे न्यूमोकोकसचं चित्र. पस सेलच्या आत बसलेले, चवळीच्या दाण्यासारखे गुलाबी जोडकोकाय म्हणजे मोरॅक्सेला. जाडजूड, कडं असलेले गुलाबी बॅसिलाय म्हणजे क्लेबसिएलाकडे बोट. घोसात बसलेले जांभळे कोकाय, विशेषतः फ्लू होऊन गेल्यावर, म्हणजे स्टॅफचा विचार. अ‍ॅसिनेटोबॅक्टर खरं तर ग्राम निगेटिव्ह, पण जांभळा रंग धरून ठेवतो आणि भल्याभल्यांना फसवतो. आयसीयूतून आलेल्या नमुन्यात ‘ग्राम पॉझिटिव्ह कोकोबॅसिलाय’ दिसले तर पुन्हा स्टेन करा. मधुमेही पेशंट, कोकण-गोवा-कर्नाटकाच्या किनाऱ्याशी संबंध, पावसाळा, आणि दोन्ही टोकांना गडद, मधे फिकट असे सेफ्टी पिनसारखे गुलाबी बॅसिलाय दिसले, तर डॉक्टरांना मेलिओइडोसिस हा शब्द सांगा आणि कल्चर लॅबला आधी कळवा. हा आजार टीबीसारखा दिसतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. कॅंडिडाचे यीस्ट दिसले तर लिहा, पण ते जवळजवळ नेहमी तोंडातलेच असतात.

आणि स्लाइड जिथे आंधळी आहे तेही डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही, तो ग्राम स्टेनमध्ये दिसत नाही. लिजिओनेला जेमतेम रंग घेतो. विषाणूंचा प्रश्नच नाही. पस सेल्स भरपूर आणि जंतू एकही नाही, हा रिकामा रिपोर्ट नव्हे; त्याचा अर्थ एक तर औषध आधी मिळालं आहे किंवा यांतलं काही तरी आहे किंवा टीबी आहे.

टीबीबद्दल थोडं जास्त. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर त्याच बेडक्याचा वेगळा नमुना सरकारी केंद्राकडे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या डीएनए तपासण्यांसाठी गेलाच पाहिजे. (ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं आहे, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.) तुमच्याकडे झील-नील्सन (टीबीचा स्टेन) होत असेल तर निगेटिव्ह म्हणण्याआधी ऑइलवर १०० फील्ड पाहायची, आणि तरीही निगेटिव्हवर विसंबायचं नाही: स्लाइडवर दिसायला दर मिलीत ५ ते १० हजार बॅसिलाय लागतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीलाही अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात, म्हणून ती सुरू होण्याआधी हा नमुना निघावा, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

पीसीआर पॅनेलबद्दल व्यवस्थापनाला वाईट समजू नका, ते यंत्र चांगलं आहे. पण त्यातही तोच नमुना जाणार. लाळ घातली तर ते लाळेतल्या जंतूंची नावं फार अचूकपणे सांगेल. नुसता वस्तीला असलेला जंतू आणि आजार करणारा जंतू यांत ते फरक करत नाही, मेलेल्याचाही डीएनए मोजतं, आणि शहरातून उत्तर येईपर्यंत औषधाचे पहिले दोन दिवस निघून गेलेले असतात. आयसीयूतला, उपचारांना दाद न देणारा पेशंट असेल तर ते जरूर पाठवा. पाठवण्याआधी स्लाइडवर नमुना पारखून घ्या.

डॉक्टरांचा ‘प्रत्येक पेशंटचा ग्राम स्टेन’ हा आग्रह मात्र सैल करायला हवा. अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बाह्यरुग्णांसाठी थुंकीचा ग्राम स्टेन नेहमी करू नये असं सांगितलं आहे. तो मागितला आहे गंभीर न्यूमोनियात, आणि एमआरएसए (औषधांना न जुमानणारा स्टॅफ) किंवा स्यूडोमोनास या चिवट जंतूंवरची राखीव औषधं द्यायचा विचार असेल तेव्हा. तिथे त्याचा खरा उपयोग होतो. जपानमधल्या १२ अतिदक्षता विभागांत २०६ पेशंटवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कृत्रिम श्वासावर असताना झालेल्या न्यूमोनियात एका गटाचं औषध नुसत्या ग्राम स्टेनवरून निवडलं गेलं. दुसऱ्या गटाच्या तुलनेत गुण येण्यात फरक पडला नाही आणि ही राखीव औषधं बरीच कमी लागली. त्यामुळे दिवसाला सहा घाईच्या स्लाइडपेक्षा, योग्य पेशंटच्या दोन नीट स्लाइड बऱ्या, हे डॉक्टरांना तुम्ही आदराने पण स्पष्ट सांगू शकता. ग्राम या डॉक्टरने ही पद्धत १८८४ मध्ये बर्लिनच्या शवागारात, न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांवरच शोधली. मुळात ती फुप्फुसासाठीच आहे.

रिपोर्टची भाषाही बदला. असं लिहिता येईल: “नमुना १०.४० ला घेतला, अँटिबायोटिकचा पहिला डोस ११.१५ ला. पस सेल्स २५ पेक्षा जास्त, एपिथेलियल १० पेक्षा कमी, नमुना योग्य. निमुळते ग्राम पॉझिटिव्ह डिप्लोकोकाय, भरपूर, पस सेल्सच्या आत व बाहेर, न्यूमोकोकसशी सुसंगत. घोसातले कोकाय दिसले नाहीत. डॉक्टरांना ११.२५ ला फोनवर कळवलं.” काय दिसलं नाही, ते वाक्य गाळू नका. चांगल्या नमुन्यात घोस नसणं ही डॉक्टरांना स्टॅफवरचं व्हॅन्कोमायसिन न देण्यासाठी उपयोगाची माहिती आहे. आणि ‘सुसंगत’ हाच शब्द ठेवा. जंतूचं पक्कं नाव देणं हे स्लाइडचं काम नाही.

कल्चर सुधारायचं असेल तर नमुन्याऐवजी प्लेट पाठवा. ब्लड आगर आणि चॉकलेट आगरच्या तयार प्लेट मिळतात. बेडका आल्याबरोबर त्यावर रेघा ओढा, झाकणाच्या बरणीत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावा आणि इन्क्युबेटरमध्ये ३५ ते ३७ अंशांवर ठेवा. मेणबत्ती विझते तेव्हा आत न्यूमोकोकस आणि हिमोफिलसला लागणारा कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. ते जमत नसेल तर डबी निदान फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पॅकसह पाठवा. फ्रिजमध्येही न्यूमोकोकसचं काही प्रमाणात नुकसान होतं, पण टेबलावर ठेवण्यापेक्षा ते कमी.

तेव्हा थांबवू नका. पुढच्या २० पेशंटच्या स्लाइड तेल टिपून, नंबर घालून पेटीत ठेवा. वहीत पाच रकाने आखा: पहिल्या डोसची वेळ, नमुन्याची वेळ, प्लेटवर लागल्याची वेळ, पेशींचे दोन आकडे, आणि स्लाइड-कल्चर जुळलं की नाही. न जुळलेली प्रत्येक स्लाइड डॉक्टरांना शेजारी बसवून पुन्हा दाखवा, आणि दोघांनाही उलगडली नाही तर जिल्ह्याच्या मायक्रोबायॉलॉजिस्टकडे तीच स्लाइड पाठवा. वेळा आणि पेशी दोन्ही व्यवस्थित असूनही तुमचं वाचन वारंवार चुकलं, तर ऑब्जेक्टिव्हच्या भिंगावर सुकलेलं तेल आहे का ते आधी बघा, मग चष्म्याचा नंबर तपासा.